चार हात अंतर, तरीही आदर

ब्रिटनला पहिल्यांदा निघालेल्या माणसाची तयारी बहुधा बॅगेपासून सुरू होते आणि बॅगेपाशीच संपते. थर्मल कपडे, घडीची छत्री, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, भाजणी, मेतकूट आणि तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर. मुलगी लीड्सला शिकत असते, किंवा मुलगा-सून स्लाऊ नाहीतर मिल्टन कीन्सला नोकरी करत असतात, आणि आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर पहिल्यांदाच तिकडे जातात. तिथली माणसं कशी वागतात आणि त्यांच्यात आपण कसं वागावं, हे मात्र त्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही. "बाबा, असं कुणाला विचारायचं नसतं," एवढंच मुलं हळूच सांगतात. का विचारायचं नसतं, ते राहूनच जातं.

मग पहिल्या महिन्याभरात एक मत बनतं : माणसं सभ्य आहेत, पण कोरडी आहेत. दारात भेटली की हसतात, हवेबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि आपापल्या घरात जातात. महिना झाला तरी शेजारीण "या ना घरी" म्हणत नाही. हे मत घेऊन परत आलेले अनेकजण आपल्याला भेटतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. त्या अंतरामागे एक विचार आहे आणि तो आदराचा आहे.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी १९७८ मध्ये सभ्यतेबद्दलचा एक सिद्धांत मांडला. त्यासाठी त्यांनी इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या दक्षिणेतली तमिळ अशा एकमेकींपासून फार दूरच्या तीन भाषांचा आधार घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. लोकांनी मला आपलं मानावं, ही पहिली. लोकांनी माझ्या वाटेत येऊ नये, माझ्यावर काही लादू नये, ही दुसरी. दोन्ही गरजा सगळीकडे असतात, पण प्रत्येक समाज आपला भर वेगळ्या ठिकाणी देतो. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढतात, घरच्यांची नावं विचारून घेतात, ओळखीचं गाव निघालं की नातं जोडतात. हा पहिल्या गरजेचा सन्मान झाला. ब्रिटनमध्ये, विशेषतः अनोळखी माणसाशी वागताना, दुसऱ्या गरजेचा सन्मान आधी होतो. हे एकदा ध्यानात आलं की तिथल्या रीतीभाती पाठ कराव्या लागत नाहीत. बऱ्याचशा आपल्या आपणच सुचतात.

रांगेतला न्याय

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ यांचं पार्थिव लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवलं होतं. सुमारे अडीच लाख लोकांनी अंत्यदर्शन घेतलं. थेम्सच्या दक्षिण काठाने पार सदर्क पार्कपर्यंत कित्येक मैलांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या मनगटावर क्रमांकाची पट्टी होती. त्यामुळे स्वच्छतागृहात किंवा खाण्याच्या टपरीवर जाऊन आलेल्याला आपली जागा परत मिळे. जगप्रसिद्ध फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमही त्या रांगेत बारा तासांहून अधिक वेळ उभे होते. विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेची रांगही अशीच नियमबद्ध असते. तिथे प्रत्येकाला तारीख आणि क्रमांक असलेलं कार्ड मिळतं.

रांगेला ब्रिटिश स्वभावाचं लक्षण मानणं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झालं. जानेवारी १९४० पासून जुलै १९५४ पर्यंत तिथे रेशनिंग होतं. युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं गृहिणी लोणी, साखर, मांस यांसाठी रांगा लावत होत्या. रांगेत सगळे सारखे, ही भावना तिथे अजून जिवंत आहे. म्हणून पुढे घुसणं हा तिथे न्यायावरचा घाला समजला जातो.

पाहुण्यासाठी अवघड असते ती न दिसणारी रांग. बसथांब्यावर माणसं विखरून उभी असतात, पण आपल्याआधी कोण आलं होतं हे प्रत्येकाला माहीत असतं. पबच्या काउंटरवरही तेच. एकाने जागा धरायची आणि मागून घरातल्या पाचजणांनी येऊन मिळायचं, हे तिथे चालत नाही. रांगेचं टोक कुठे आहे हे कळलं नाही तर जवळच्या माणसाला विचारावं. कुणालाही ते आवडतं. आणि आपण चुकून पुढे गेलो तर कुणी ओरडत नाही. फक्त एक सुस्कारा ऐकू येतो. तो ऐकू आला की मागे व्हावं आणि सॉरी म्हणावं.

सॉरी, प्लीज, थँक्यू

मानववंशशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनी इंग्रजांच्या सामाजिक वर्तनावर २००४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्या गर्दीत मुद्दाम लोकांना धक्का देत आणि समोरचा काय म्हणतो ते टिपून ठेवत. धक्का त्यांनीच दिलेला असूनही बहुतेक इंग्रज "सॉरी" म्हणाले. तिथे हा शब्द अपराधाच्या कबुलीपुरता नाही. वाट मागताना, नीट ऐकू आलं नाही म्हणून, प्रश्न विचारण्याआधी, दुकानदाराला हाक मारताना, सगळीकडे तो येतो. "तुमच्या वेळेत आणि जागेत मी आलो, याची मला जाणीव आहे," एवढाच त्याचा आशय असतो.

आपल्या घरांत आईने पाणी दिलं तर आभार मानत नाहीत. मानले तर परकेपणा वाटतो. तिथे मात्र दोन वर्षांच्या मुलालाही प्लीज म्हटल्याशिवाय बिस्कीट मिळत नाही. म्हणून दुकानात वस्तू मागताना सरळ हुकमी वाक्य टाळावं. "कॅन आय हॅव" ने सुरुवात आणि "प्लीज" ने शेवट, एवढं पुरतं. पैसे देताना थँक्यू, सुटे घेताना थँक्यू, दार धरून ठेवणाऱ्याला थँक्यू. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणण्याची रीत विशेषतः लंडनबाहेर फार सुंदर पाळली जाते. दाराशी मागे वळून पाहायचं आणि कुणी येत असेल तर दार धरायचं, हीही सवय लावून घ्यावी.

"ऑल राइट?" किंवा "यू ऑल राइट?" असं कुणी जाताजाता विचारलं तर ती तब्येतीची चौकशी नसते. तो नमस्कार असतो. गुडघेदुखी सांगायला थांबू नये. "ऑल राइट, थँक्स, यू?" हे पूर्ण उत्तर झालं.

हवेच्या गप्पा आणि न विचारायचे प्रश्न

दोन इंग्रज भेटले की पहिलं बोलणं हवेचं, असं डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५८ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. याला भूगोलाचं कारण आहे. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे या बेटांवर एका दिवसात ऊन, वारा, पाऊस आणि पुन्हा ऊन असं होऊ शकतं. समुद्रावरच्या वादळांत जहाजं बुडत, म्हणून अ‍ॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांनी हवामानाचे अंदाज द्यायला सुरुवात केली. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापला गेलेला त्यांचा अंदाज हा वृत्तपत्रातला पहिला सार्वजनिक हवामान अंदाज मानतात.

पण शेजारीण जेव्हा "छान ऊन पडलंय, नाही?" म्हणते, तेव्हा तिला हवामानशास्त्र बोलायचं नसतं. ती संवादाचं दार किलकिलं करते. विषय असा निवडते, की ज्यात कुणाचं काही खासगी नाही, कुणाला मत मांडायची सक्ती नाही आणि दोन वाक्यांत थांबायचं असेल तर थांबता येतं. आपण होकार द्यावा, हीच रीत. "आमच्याकडे पुण्यात याहून जास्त ऊन असतं" असं म्हणून तिला खोडून काढू नये.

याउलट आपण जे प्रश्न मायेने विचारतो, ते तिथे अनोळखी माणसाला विचारत नाहीत. पगार किती, घर केवढ्याला पडलं, वय काय, लग्न झालं का, मुलं का नाहीत, मत कुणाला दिलं, चर्चला जाता का. "वाळलीस गं" किंवा "अंगाने भरलास" हे आपुलकीचे उद्गारही तिथे दुखावतात. माणसाच्या शरीराबद्दल, चांगल्या हेतूनेसुद्धा, बोलत नाहीत. जवळीक वाढवायची असेल तर आधी स्वतःबद्दल थोडं सांगावं. "आम्हाला दोन नाती आहेत" एवढं आपण म्हटलं, की समोरच्याला वाटलं तर तो आपल्या नातवंडांबद्दल सांगतो. नाही वाटलं तर विषय बदलतो. निवड त्याच्या हातात राहते.

नावाच्या बाबतीत मात्र तिथे आपल्याहून मोकळेपणा आहे. विद्यापीठात प्राध्यापकाला आणि कचेरीत साहेबाला पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्या विद्यार्थ्यांची जीभ सुरुवातीला "सर"वरून हटत नाही, पण प्राध्यापकाने नावाने हाक मारायला सांगितल्यावर तसं करण्यातच त्यांचा मान आहे.

हळू आवाजातलं मोठं बोलणं

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून ऑकलंडला निघालेलं जम्बो विमान, मुंबई, मद्रास आणि क्वालालंपूर इथे थांबून पुढे गेल्यावर, जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात शिरलं. चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, की एक लहानशी अडचण आली आहे, चारही इंजिनं थांबली आहेत आणि ती सुरू करण्याचा आम्ही आटोकाट प्रयत्न करत आहोत; तुम्ही फार काळजीत नसाल अशी आशा आहे. पुढे इंजिनं सुरू झाली आणि विमान जकार्त्याला सुखरूप उतरलं. त्या घोषणेला ब्रिटिश बोलण्याचा नमुना म्हणून आजही आठवतात. मोठी गोष्ट लहान करून सांगायची, म्हणजे ऐकणाऱ्यावर आपल्या भावनेचं ओझं पडत नाही.

रोजच्या व्यवहारात हे ओळखता आलं पाहिजे. "नॉट बॅड" ही बऱ्यापैकी मोठी दाद असते. "क्वाइट गुड" ऐकून फार हुरळून जाऊ नये. ते अनेकदा ठीकठाकच्या जवळचं असतं. "इंटरेस्टिंग" म्हणजे बरेचदा "मला पटलं नाही". "विथ रिस्पेक्ट"ने सुरू होणारं वाक्य बहुधा मतभेदाचं असतं. मार्गदर्शक प्राध्यापक "हा भाग पुन्हा पाहावासा वाटेल तुम्हाला" असं म्हणाले, तर तो भाग बदलायलाच हवा. दरवर्षी अनेक हुशार विद्यार्थी या सूचना सौम्य समजून सोडून देतात आणि मग गुण कमी पडल्यावर गोंधळतात. नीट कळलं नाही तर विचारावं, "म्हणजे मी हे बदलावं का?" स्पष्ट प्रश्नाला तिथे स्पष्ट उत्तर मिळतं.

तसंच "यू मस्ट कम राउंड समटाइम" हे सदिच्छेचं वाक्य आहे. तारीख आणि वेळ ठरली, की ते आमंत्रण होतं.

रस्ता, बस आणि भुयारी रेल्वे

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपल्याला सोपं जातं. फरक आहे तो पादचाऱ्याच्या मानाचा. काळ्या-पांढऱ्या खांबांवरचे पिवळे दिवे १९३४ मध्ये आले आणि त्या वेळचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांचं नाव त्यांना मिळालं. झेब्रा पट्टे १९५१ मध्ये आले. जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पट्ट्यापाशी ओलांडायला थांबलेल्या माणसालाही गाडीने वाट द्यायची असते. गाडी थांबली की घाबरून हात हलवत "तुम्ही जा" असं करू नये. निवांत ओलांडावं आणि हात उंचावून आभार मानावेत.

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकता जिना १९११ मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात पहिल्यांदा आला. आज तिथला सर्वांत कडक अलिखित नियम या जिन्यावरच आहे : उभं राहायचं तर उजवीकडे, डावी बाजू घाईने चढणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. कुटुंबाने शेजारीशेजारी उभं राहून बॅगा मध्ये ठेवल्या, की मागे सगळं अडतं. डब्यात चढण्याआधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावं. पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवावी. काही स्त्रिया "बेबी ऑन बोर्ड" असा बिल्ला लावतात. त्यांना न विचारताच जागा द्यावी. फोन स्पीकरवर लावून बोलू नये. भारतातल्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल घरी पोचल्यावर करावा. लांब पल्ल्याच्या गाड्यांत "क्वायट कोच" असतो, तिथे तर कुजबुजच.

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर हे लंडनमधल्या प्रवासाचं कार्ड लागतं. बसमध्ये चढताना एकदाच कार्ड टेकवायचं. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडतानाही टेकवायचं, नाहीतर जास्त भाडं कापलं जातं. आणीबाणीसाठी ९९९ हा क्रमांक आहे. तो १९३७ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला आणि अशा प्रकारचा जगातला पहिला मानला जातो. जिवावर न बेतलेल्या आजारासाठी १११.

पबमध्ये शिरताना

पब म्हणजे दारूचा गुत्ता, अशी समजूत घेऊन अनेक मराठी कुटुंबं त्याच्या दारातून परत फिरतात. वास्तविक तो मोहल्ल्याचा दिवाणखाना आहे. तिथे आजी-आजोबा दुपारचं जेवण घेतात, कुत्री शेकोटीपाशी झोपतात, आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा होते. दारू न पिणारा माणूस तिथे लिंबाचं सोडापाणी किंवा संत्र्याचा रस घेऊन तासभर बसला तरी कुणाला काही वाटत नाही.

रीत एवढीच : बऱ्याच पबमध्ये टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही. काउंटरवर जायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. हात हलवायचा नाही, चुटकी तर मुळीच वाजवायची नाही. ऑर्डर देतानाच पैसे द्यायचे. बिअरचा मोठा पेला एक पाइंटचा, म्हणजे ५६८ मिलिलिटरचा असतो. वयाची मर्यादा १८ असली तरी पंचविशीच्या आतला दिसणाऱ्याकडे ओळखपत्र मागतात. त्यात अपमान नाही. ड्रिंक घेतल्यावर बक्षिशी देण्याची पद्धत नाही.

मित्रांबरोबर गेलात तर "राउंड" समजून घ्या. एकजण सगळ्यांसाठी पेये आणतो, मग दुसरा, मग तिसरा. ही प्रथा इतकी मुरलेली आहे, की पहिल्या महायुद्धात कामगारांचं पिणं कमी करण्यासाठी सरकारने १९१५ मध्ये दुसऱ्यासाठी पेय विकत घेण्यावरच बंदी आणली होती. आज बंदी नाही, पण हिशेब आहे. चारजणांकडून घ्यायचं आणि स्वतःची पाळी चुकवायची, हे लक्षात राहतं. कमी पैशांत राहणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवातीलाच "मी आज माझं माझं घेतो" म्हणावं. ते सगळे सहज मान्य करतात.

चहा, जेवण आणि घरचं बोलावणं

दुपारच्या चहाची प्रथा १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांच्या घरी सुरू झाली, असं परंपरेने सांगतात. हॉटेलातला तीन मजली थाळीचा, छोट्या सँडविच-केकचा चहा हा आज हौसेचा प्रकार आहे. रोजचा चहा म्हणजे मगमध्ये टी-बॅग, उकळतं पाणी आणि थोडं थंड दूध. जुलै १९४० मध्ये चहावर रेशन आलं, माणशी आठवड्याला २ औंस, आणि ते ऑक्टोबर १९५२ पर्यंत राहिलं. चहा कसा करावा यावर लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये अकरा नियमांचा लेख लिहिला, तो याच टंचाईच्या काळात. कचेरीत कुणी स्वतःसाठी चहा करायला उठला तर शेजाऱ्यांना विचारतो. आपणही कधीतरी उठून विचारावं. उत्तर इंग्लंडमध्ये "टी"ला बोलावलं तर संध्याकाळचं जेवण असण्याची शक्यता मोठी, हेही ध्यानात ठेवावं.

घरी जेवायला बोलावलं तर आपल्या आहाराबद्दल आधी सांगणं हा तिथे शिष्टाचार आहे. शाकाहाराला तिथे जुनी परंपरा आहे. व्हेजिटेरियन सोसायटीची स्थापना १८४७ मध्ये केंटमधल्या रॅम्सगेटला झाली. म्हणून संकोच नको. आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही, असं आमंत्रण स्वीकारतानाच स्पष्ट सांगावं. ऐनवेळी ताटात बघून नाकारलं, तर यजमानाला मनापासून वाईट वाटतं. उत्तर इंग्लंडात चिप्सच्या दुकानांत बटाटे अनेकदा गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा तिथेही विचारून घ्यावं.

जेवणाची वेळ सातची असेल तर सात ते सव्वासात. लवकर जाणं हेही गैरसोयीचंच. वाइनची बाटली, फुलं किंवा चॉकलेट न्यावं. घरची बर्फी नेली तर त्यात काजू-बदाम आहेत हे सांगावं. बूट काढायचे का, हे दारात विचारावं, कारण प्रत्येक घराची रीत निराळी. वाढताना एकदा, फारतर दोनदा विचारतात. "नको" म्हटलं की नकोच समजतात, त्यामुळे भूक असेल तर पहिल्यांदाच "हो" म्हणावं. आणि आपल्याकडे पाहुणे आले तर त्यांचं "नो, थँक यू" हेही शेवटचं धरावं. नाहीतर बिचारा माणूस संकोचाने पोट फुटेस्तोवर खातो. दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप किंवा कार्ड पाठवावं. तिथे त्याची मनापासून किंमत असते.

हॉटेलात बिलात १० ते १२.५ टक्के सेवाशुल्क बहुधा लावलेलं असतं. ते ऐच्छिक असतं. लावलेलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मालकाने ही सगळी रक्कम कामगारांना देणं कायद्याने बंधनकारक आहे.

घर आणि शेजार

ब्रिटिश न्हाणीघरात जमिनीला मोरीचं भोक नसतं. खाली लाकूड असतं, कधी चक्क गालिचा. बादली-तांब्याने अंघोळ केली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून गळतं. टबमध्ये उभं राहून, पडदा टबच्या आत सोडून अंघोळ करायची. दिवा लावायला छतातून लोंबणारी दोरी असते. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर धुराच्या अलार्मला आगच वाटतो. पंखा लावावा, खिडकी उघडावी, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवावं. अलार्मची बॅटरी मात्र कधीही काढू नये. वसतिगृहात अलार्म वाजला की सगळी इमारत थंडीत बाहेर येऊन उभी राहते.

घरं एकाला एक लागून असतात आणि भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. रात्री ११ ते सकाळी ७ ही कायद्यातही शांततेची वेळ आहे. पूजा, वाढदिवस, क्रिकेटचा सामना असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं. निम्मी नाराजी तिथेच मिटते.

मराठी माणूस लंडनला गेला, की प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरी जातोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन तिथे त्यांचं संग्रहालय केलं. तो निवासी रस्ता आहे. संग्रहालयाला येणाऱ्यांच्या आवाजाबद्दल काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये संग्रहालयाला परवानगी मिळाली. तिथे श्रद्धेने जाणाऱ्या प्रत्येकाने फुटपाथवर हळू बोलावं आणि बाजूच्या घरांच्या पायऱ्यांवर बसू नये. ज्यांनी माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचलं, त्यांच्या घरासमोर हे भान अधिकच हवं.

एक राज्य, चार देश

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून युनायटेड किंगडम होतं. एडिनबरोच्या माणसाला इंग्लिश म्हणू नये. तो स्कॉटिश आहे. वेल्समध्ये रस्त्यांवरच्या पाट्या वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात आणि वेल्शचा तिथल्या लोकांना अभिमान आहे. स्कॉटलंडमधल्या तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. उत्तर आयर्लंडमध्ये धर्म आणि राजकारण यांच्या जखमा अजून ओल्या आहेत. तिथे ऐकावं जास्त, मत देऊ नये.

११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटं सगळं थांबतं. १९१९ पासून पाळली जाणारी ही महायुद्धांतल्या मृतांची आठवण. दुकानात असाल तर जागेवर स्तब्ध उभं राहावं. हे स्मरण परक्यांचं नाही. दोन्ही युद्धांत अविभाजित भारतातले लाखो सैनिक लढले, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना इटलीतल्या शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतल्या सैनिकांचं स्मारक म्हणून लंडनमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिलवर २००२ मध्ये उभारलेली मेमोरियल गेट्स जरूर पाहावीत.

अंतर ओलांडायचं कसं?

हे सगळं पाळूनही एकटेपणा वाटू शकतो, आणि तो प्रश्न खरा आहे. ब्रिटिश माणूस अनोळखी माणसाशी थेट मैत्रीला येत नाही. दोघांच्या मध्ये एखादं काम, खेळ किंवा छंद ठेवला, की तो मोकळा होतो. कुत्रा फिरवायला आलेल्या माणसाशी बोलायचं तर आधी कुत्र्याचं कौतुक करावं. बागकाम, क्रिकेट क्लब, वाचनालयातला विणकामाचा गट, पबमधली प्रश्नमंजूषा, अशा जागी तेच "कोरडे" लोक तासन्‌तास बोलतात.

२००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू झालेला ‘पार्करन’ हा उपक्रम आज देशभर चालतो. इंग्लंडमध्ये दर शनिवारी सकाळी नऊ वाजता, पाच किलोमीटर, विनाशुल्क. चालत पूर्ण केलं तरी चालतं, आणि नंतर सगळे कॉफी प्यायला जातात. जुन्या वस्तू विकून मदतनिधी उभारणाऱ्या धर्मादाय दुकानांतही स्वयंसेवक लागतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांहून अधिक स्वयंसेवा करू नये, एवढा नियम सांभाळावा. आणि आपल्या भाषेची भूक लागली तर १९३२ पासून चालत आलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहेच.

मात्र आपल्याच माणसांत सहा महिने काढून परत येऊ नये. आठवडाभर तेच चेहरे दिसले, तीच "मॉर्निंग" झाली, एखाद्या दिवशी आपण कुणाची पिशवी उचलून दिली, की चौथ्या-पाचव्या भेटीत समोरचा माणूस स्वतःहून नाव सांगतो. तिथली ओळख इतकी सावकाश होते, कारण समोरच्याला नकार द्यायला जागा ठेवलेली असते. म्हणून ती झाली, की ती मनापासूनची असते. तेव्हा तारीख आणि वेळ सांगून त्याला पोह्यांना घरी बोलवा. तो वेळेवर येईल, फुलं आणेल, आणि दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र टाकेल.